रायफल बरोबर असताना कनेक्टिंग फ्लाइट: सोलापूर ते म्युनिक

मुंबईहून म्युनिकला थेट विमान जाते, आणि रायफल बरोबर असणाऱ्याने तिकीट कितीही महाग वाटले तरी तेच घ्यावे, हे मी आधीच सांगून टाकतो. आम्ही नेमबाजीच्या स्पर्धेसाठी आखातात विमान बदलून गेलो, कारण त्या मार्गाने माणशी बरीच रक्कम वाचत होती आणि तिकीट काढून देणाऱ्या एजंटाने "रायफल म्हणजे खेळाचे सामान, मुंबईत टाकायचे आणि थेट म्युनिकला उचलायचे" असे छातीठोकपणे सांगितले होते. त्या सांगण्यातील एकही शब्द खरा निघाला नाही. जिल्ह्यातून दरवर्षी कोणी ना कोणी नेमबाज परदेशी स्पर्धांना निघतो आणि प्रत्येकाला हेच ऐकवले जाते, म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे दोन हवाई रायफली होत्या; एक माझ्या मुलीची आणि दुसरी तिच्याबरोबर सराव करणाऱ्या मुलाची. भारतात ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही. जर्मनीत पंचकोनात कोरलेले 'एफ' हे अक्षर असलेली, म्हणजे साडेसात ज्यूलच्या आतली हवाई रायफल प्रौढ व्यक्तीला परवान्याशिवाय बाळगता येते, आणि दहा मीटरच्या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या जर्मन बनावटीच्या रायफलींवर हे चिन्ह सहसा असते. निघण्याची आणि पोहोचण्याची अशी दोन्ही ठिकाणे निर्धोक असल्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न संपला, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मधला विमानतळ ज्या देशात आहे त्या देशाचा कायदा भारताचा परवानामुक्तीचा नियम ओळखत नाही आणि जर्मनीचे चिन्हही ओळखत नाही. तेथे नळी आणि घोडा असलेली प्रत्येक वस्तू शस्त्र असते, आणि शस्त्र विमानातून विमानात हलवायचे असले तरी त्या देशाची आगाऊ लेखी संमती लागते.

मुंबईच्या काउंटरवरच पहिली अडचण आली. विमान कंपन्यांच्या आरक्षणप्रणालीत खेळाच्या सामानासाठी 'स्पेक' आणि शस्त्रासाठी 'वेप' असे दोन वेगवेगळे संकेत असतात. एजंटाने आमच्या नोंदीत 'स्पेक' टाकला होता, म्हणजे कंपनीच्या लेखी आमच्याकडे गोल्फचे दांडे किंवा सर्फिंगची फळी होती. शिवाय तिकीट एकच असले तरी पुढचे विमान दुसऱ्या कंपनीचे होते आणि त्या कंपनीला शस्त्राची काहीच कल्पना नव्हती. बराच वेळ फोनाफोनी झाल्यावर पेट्या स्वीकारल्या गेल्या, परंतु चिठ्ठी लागली ती फक्त आखातापर्यंतची, आणि "पुढचे तिथल्या ट्रान्सफर डेस्कवर करून घ्या" असे सांगून आम्हाला पुढे पाठवण्यात आले. हे वाक्य ज्याला काउंटरवर ऐकू येईल त्याने तेथून हलू नये. पेटीवर अंतिम विमानतळाची चिठ्ठी लागल्याशिवाय आणि ती स्वतः वाचल्याशिवाय सुरक्षा तपासणीकडे जाण्यात काहीही अर्थ नाही, कारण मधल्या विमानतळावर प्रवाशाच्या हातात काहीच उरत नाही.

त्या मधल्या विमानतळावर नेमके काय घडते, हे समजून घेणे आवश्यक आहे. साधी बॅग पट्ट्यावरून आपोआप पुढच्या विमानाकडे जाते. शस्त्राची पेटी मात्र विमानातून वेगळी उतरवली जाते, पोलिसांच्या किंवा सुरक्षा विभागाच्या कोठीत जमा होते, तेथे क्रमांक जुळवले जातात आणि मग माणसाबरोबर पुढच्या विमानापाशी पाठवली जाते. तिकीट काढताना दिसणारी विमान बदलण्याची किमान वेळ पट्ट्यावरच्या बॅगेच्या हिशेबाने ठरलेली असते. कोठीतल्या पेटीला ती कधीच पुरत नाही. आमच्या हाती जेमतेम दोन तास होते. ट्रान्सफर डेस्कवरच्या कर्मचाऱ्याने पेट्या कोठीत आहेत एवढेच सांगितले आणि संक्रमण परवाना, म्हणजे त्या देशातून शस्त्र पुढे नेण्याची लेखी संमती, मागितला. तो प्रवासाआधी, विमान कंपनीमार्फत, रायफलींच्या अनुक्रमांकांसह मागवायचा असतो. आता देशात प्रवेश करून पेट्या ताब्यात घ्याव्यात, तर त्यासाठी शस्त्र आयातीची परवानगी हवी. प्रवेश न करता पुढे जावे, तर पेट्या मागे राहणार. पुढचे विमान आमच्या डोळ्यांदेखत सुटले. रात्रभर खुर्च्यांवर बसून, एका डेस्कवरून दुसऱ्या डेस्कवर फिरून, मुलांचे स्पर्धेचे प्रवेशपत्र वीस वेळा दाखवून दुसऱ्या दिवशी परवानगी आली, तेव्हा दुसऱ्या कंपनीने पेटीमागे दीडशे युरो 'शस्त्र हाताळणी' म्हणून घेतले. मुंबईत भरलेल्या पैशांची पावती दाखवली, तर ती खेळाच्या सामानाची असल्याचे उत्तर मिळाले. मुलांचा सरावाचा दिवस बुडाला तो वेगळाच, आणि दहा मीटरच्या नेमबाजीत नवीन रेंजचा प्रकाश डोळ्यांना बसण्यासाठी तो एक दिवस किती मोलाचा असतो हे खेळणाऱ्यांना सांगायला नको.

यावरून माझे ठाम मत असे झाले आहे की, थेट विमान मिळतच नसेल तर सर्व टप्पे एकाच कंपनीचे असावेत, तिकीट एकच असावे आणि मध्ये विमान एकदाच बदलावे. नोंदीत 'वेप' हा संकेत पडला आहे आणि त्यापुढे कंपनीची मंजुरी आली आहे, हे एजंटाच्या तोंडी आश्वासनावर न सोडता कंपनीकडून ईमेलने घ्यावे. त्या ईमेलमध्ये प्रत्येक टप्प्याचा विमान क्रमांक, रायफलीची बनावट आणि अनुक्रमांक असावा. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानाच्या तारखेत हमखास घोळ होतो, आणि मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीचशी विमाने त्याच वेळेची असल्यामुळे परवानगीपत्रावरील तारीख दोनदा तपासावी. मध्ये चार ते सहा तास ठेवावेत. त्याहून कमी वेळ म्हणजे पेटी मागे राहणार, आणि त्याहून फार जास्त म्हणजे पेटी रात्रभर कोठीत ठेवण्याचा वेगळा प्रश्न उभा राहणार.

ज्यांच्याकडे काडतुसाची, ०.२२ इंच नळीची किंवा त्याहून मोठी रायफल आहे त्यांचे काम अधिक कठीण आहे. जर्मनीत त्यासाठी आयोजकांच्या मदतीने आधीच लेखी परवानगी मिळवावी लागते. ॲमस्टरडॅममार्गे जायचे असल्यास, बंदूक विमानातून विमानातच जाणार असली तरी नेदरलँड्सच्या सीमाशुल्क खात्याची पूर्वसंमती लागते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या जिल्ह्यात तिचे कोणाला दुःखही नसावे. परंतु परदेशात स्थायिक झालेले आपल्यातील काही जण शिकारीच्या रायफली घेऊन दक्षिण आफ्रिकेला जातात, त्यांना तेथील पोलिसांचा 'एसएपीएस ५२०' हा तात्पुरत्या आयातीचा अर्ज भरावा लागतो. अमेरिकेत परदेशी पाहुण्याला 'सिक्स एनआयए' या अर्जावर मंजुरी घ्यावी लागते. जोहान्सबर्गला उतरून पुढे दुसऱ्या तिकिटावर जाणाऱ्याला पेटी तेथे ताब्यात घ्यावी लागते, म्हणजे मुक्काम दुसऱ्या देशात असला तरी हा अर्ज चुकत नाही. काडतुसे माणशी ५ किलोपर्यंतच नेता येतात आणि दोघांचा वाटा एका पेटीत घालता येत नाही.

सोलापूर ते मुंबई हा टप्पा रेल्वेनेच करावा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून सोलापूरहून मुंबईला विमान आहे, परंतु वेगळ्या तिकिटावर तो आणखी एक शस्त्र-टप्पा होतो, आणखी एक मंजुरी लागते आणि मुंबईत पेट्या उतरवून पुन्हा जमा कराव्या लागतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या एसी डब्यात खालचा बर्थ घेतला की सव्वा मीटर लांबीची पेटी त्याखाली आडवी बसते. वंदे भारतमध्ये ती वरच्या रॅकवर ठेवून साडेसहा तास मान वर करून बसावे लागते. दादरला उतरून टॅक्सीने टर्मिनल दोन गाठावे. दिवसभर पेटी घेऊन हिंडता येत नाही, म्हणून अंधेरीत नातेवाइकाचे घर किंवा खोली आधीच ठरवावी.

पेटी टणक आणि कुलूपबंद हवी. हवेचे सिलिंडर पूर्ण रिकामे करून रायफलीपासून सोडवून ठेवावेत. भरलेला सिलिंडर कोणीही घेत नाही. निघण्यापूर्वी सिलिंडरवरील तारीखही पाहावी, कारण दहा वर्षांहून जुना सिलिंडर स्पर्धेतही चालत नाही. डायऑप्टर (नेम धरण्याची मागची दुर्बीण नसलेली साइट), घोड्याचा भाग, छऱ्यांचे डबे आणि ॲलन की यांपैकी काहीही हातातल्या बॅगेत ठेवू नये. नेमबाजीचे जाकीट मात्र हातातच ठेवावे, कारण रायफल उसनी मिळू शकते, दुसऱ्याचे जाकीट अंगाला येत नाही. पेटीत एक ट्रॅकर टाकावा. आमची पेटी विमानतळावरच आहे हे आम्हाला कर्मचाऱ्यांच्या आधी त्यानेच सांगितले.

म्युनिकमध्ये सामान जाहीर करण्याच्या, कस्टम्सच्या लाल मार्गाने जाऊन निमंत्रणपत्र आणि अनुक्रमांकांची यादी दाखवली आणि काही मिनिटांत मोकळे झालो. एस-८ या लोकलने मारिएनप्लात्झ आणि तेथून यू-६ या मेट्रोने स्पर्धेच्या रेंजजवळचे गार्शिंग-होक्ब्रुक असा सोपा प्रवास आहे. १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेली आणि जेथे २०१० मध्ये तेजस्विनी सावंत यांनी जागतिक विजेतेपद मिळवले ती ही रेंज. स्पर्धेचे दिवस उत्तम गेले.

परतीचे तिकीट आम्ही रद्द केले आणि थेट विमान घेतले. वाचवलेले पैसे त्यात व्याजासकट गेले आणि मला त्याची मुळीच खंत नाही. जाताना पेटी जमा करण्यापूर्वी मुंबईच्या कस्टम्सकडून रायफलींच्या अनुक्रमांकांसह निर्यात प्रमाणपत्र घेतले होते, त्यामुळे परतताना शुल्काचा प्रश्न आला नाही. हे प्रमाणपत्र पेटी आत गेल्यावर मिळत नाही, म्हणून काउंटरच्या रांगेत उभे राहण्याआधी कस्टम्सचा अधिकारी गाठावा आणि त्यासाठी एक तास वेगळा धरावा.