चुंबकाने डेटा खरंच उडतो का?

"ए, चुंबक लांब ठेव, डेटा उडेल!" हे अजूनही घराघरात ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा पेन ड्राइव्ह असतो. पेन ड्राइव्हला लोहचुंबकाने काहीच होत नाही हो. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी, फोनची मेमरी, ह्या सगळ्यात डेटा विजेच्या चार्जच्या रूपात अडकवलेला असतो, तिथे चुंबकाचा काय संबंध. सीडी-डीव्हीडी तर लेझरने वाचतात, तिलाही फरक पडत नाही.

आणि हार्ड डिस्क? घरात सापडणारा सगळ्यात तगडा चुंबक हार्ड डिस्कच्या पोटातच असतो! डेस्कटॉपची भंगारात निघालेली साडेतीन इंची डिस्क मिळाली तर उघडून बघाच. सहा टोकांचे टॉर्क्स स्क्रू असतात, साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, आणि एखादा स्क्रू हमखास लेबलखाली लपवलेला असतो, लेबलवर बोट दाबत गेलं की खड्डा लागतो. झाकण निघालं की लख्ख तबकडी आणि कोपऱ्यात जाड लोखंडी पट्ट्यांना चिकटवलेले कमानीसारखे चुंबक, बहुतेकदा दोन. हे निओडिमियमचे, म्हणजे निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन, वरून निकेलचा मुलामा. १९८०च्या दशकात जपानची सुमितोमो आणि अमेरिकेची जनरल मोटर्स, दोघांनी आपापल्या परीने शोधून काढले. तबकडीवरचा डेटा वाचणारा हात पुढेमागे हलवायला ते लागतात आणि तबकडीच्या अगदी शेजारी वर्षानुवर्षं बसून असतात, तरी फायली जागच्या जागी.

कारण दोन आहेत. एक तर त्या लोखंडी पट्ट्या चुंबकाचा जोर आतल्या आत फिरवतात, बाहेर फारसा येऊच देत नाहीत. दुसरं म्हणजे तबकडीचा थर भलताच हट्टी असतो. लिहिलेलं पुसायला किती जोर लागतो ते ओर्स्टेडमध्ये मोजतात, साध्या ऑडिओ कॅसेटला आणि कार्डावरच्या स्वस्तातल्या काळ्या पट्टीला साधारण ३००, १.४४ एमबीच्या फ्लॉपीला ७००च्या आसपास, आणि अलीकडच्या हार्ड डिस्कला चार-पाच हजार. चुंबकाचा जोर अंतर वाढलं की झपाट्याने पडतो, त्यामुळे डबीवर बाहेरून चुंबक घासून काही होत नाही. चालू डिस्कवर मात्र हा प्रयोग नको, आतला हात भरकटू शकतो.

म्हणजे भीती चुकीची नव्हती, जुनी झाली एवढंच. बाबांच्या काळातल्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी, हॉटेलच्या खोलीचं स्वाइपवालं कार्ड, हे खरंच जातं. बँकेच्या कार्डाची चिप शाबूत राहते, पट्टी मरते. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला चुंबक लावला की स्क्रीनवर हिरवे-जांभळे डाग पडायचे, आतली जाळी चुंबकित व्हायची. टीव्ही चालू करताना जो "धुम्म" आवाज यायचा तो हेच डाग घालवणाऱ्या कॉइलचा.

आता नवीनच गमती होतात. चुंबकवालं फोन कव्हर लॅपटॉपवर नेमक्या जागी ठेवलं की लॅपटॉपला वाटतं झाकण बंद झालं, आणि स्क्रीन काळी! माणसं व्हायरस शोधत बसतात. फोनचं होकायंत्रही वेडंवाकडं दाखवतं, मग मॅपवरचा निळा बाण भलतीकडे तोंड करून उभा.

अजून एक, भांड्यांच्या दुकानात चुंबक नेऊन "चिकटला, म्हणजे स्टील खोटं" म्हणणाऱ्या काकू. चिकटणारं स्टीलही स्टीलच असतं, आणि इंडक्शनला तर तेच लागतं. आपली १ आणि २ रुपयाची स्टीलची नाणीसुद्धा चिकटतात, ती काय खोटी?

खरी काळजी वेगळ्याच ठिकाणी घ्यायची. दोन निओडिमियम एकमेकांवर आपटले की मध्ये सापडलेल्या बोटाची कातडी निघते, आणि ते ठिसूळ असल्यामुळे टवके डोळ्याकडे उडतात. लहान मुलाने असे दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये दाबून ते भोक पाडतात, तेव्हा वाट न बघता थेट हॉस्पिटल. पेसमेकरवाल्या आजोबांच्या शर्टाच्या खिशात चुंबकवाला फोन नकोच, अॅपल स्वतःच मॅगसेफबद्दल, म्हणजे आयफोनच्या पाठीतल्या चुंबकांबद्दल, १५ सेंटीमीटर अंतर ठेवा म्हणतं.

आणि जुनी डिस्क भंगारवाल्याला द्यायची असेल तर चुंबक विसरा, तबकडीतून ड्रिलने दोन-चार भोकं पाडा, चुंबक मात्र काढून घ्या, फ्रिजवर वीजबिलं लावायला झकास.