टिटवी असे का वागते?

टिटवीच्या घरट्यात घरटे म्हणावे असे फारसे काही नसते. माळावरच्या उघड्या जमिनीत एक उथळ खळगा, त्याभोवती गोळा केलेले खडे आणि मधोमध टोके आत वळवून ठेवलेली चार अंडी, एवढाच तो संसार. अंडी मातकट रंगाची आणि काळ्या डागांची असल्यामुळे, घरटे कुठे आहे हे ठाऊक असूनही दुर्बिणीतून नजर हटली की ते नव्याने शोधावे लागते. अशा एका जोडीच्या वर्तनाच्या नोंदी आम्ही उबवणीच्या सुरुवातीपासून ठेवत होतो. टिटवीची उबवणी साधारण २८ ते ३० दिवस चालते. ती संपत आली होती, म्हणून त्या दिवशी आम्ही उजाडण्यापूर्वीच लपणात जाऊन बसलो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्याला एकाच घरट्यापाशी, एकाच दिवसात इतके काही पाहायला मिळण्याचा योग क्वचितच येतो.

सोबत नुकतीच या कामात आलेली एक विद्यार्थिनी होती आणि नोंदवही तिच्याकडे होती. तिला मी एक नियम घालून दिला होता. पक्षी काय करतो ते लिहायचे, कशासाठी करतो ते लिहायचे नाही. ‘टिटवी घाबरली’ अशी नोंद चालणार नाही. ‘मान उंचावली, थोडे अंतर धावली, ओरडली’ अशी हवी. कारण शोधायचेच असते, पण ते नोंदीच्या आधीच ठरवून टाकले की नोंद निरुपयोगी होते.

ऊन अंगावर येऊ लागले तेव्हा अंड्यांवर नर बसलेला होता. टिटवीचे नर-मादी दिसायला सारखेच असल्याने आम्ही पायांतल्या रंगीत कड्यांवरून त्यांना ओळखत होतो. तो किंचित उठला आणि पोटाखाली ओले, चिकट पिसांचे पिल्लू दिसले. काही क्षणांतच त्याने फुटलेल्या कवचाचा मोठा तुकडा चोचीत धरला आणि उडत जाऊन तो घरट्यापासून बराच दूर टाकला. तेवढ्यात मादी येऊन अंड्यांवर बसली. विद्यार्थिनीने हळूच विचारले, “सर, हे तो स्वच्छतेसाठी करतो का?”

हाच प्रश्न प्राणी-वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी काळ्या डोक्याच्या कुरव या समुद्रपक्ष्यांबाबत विचारला होता आणि त्याचे उत्तर प्रयोगाने मिळवले होते. कवच बाहेरून मातकट असले तरी आतून पांढरे असते आणि ती पांढरी कड दुरून चमकते. त्यांनी कुरवाची अंडी उघड्यावर मांडली आणि फुटकी कवचे त्यांच्यापासून कमी-जास्त अंतरावर ठेवली. कवच जितके जवळ, तितकी अंडी कावळ्यांच्या आणि इतर कुरवांच्या तावडीत अधिक सापडली. म्हणजे कवच दूर टाकण्याचा लाभ, निदान या पक्ष्यात, सुरक्षिततेचा होता.

या कामाचा पुढचा भाग मला त्याहून मोलाचा वाटतो. धोका इतका उघड असूनही कुरव ते कवच लगेच हलवत नाही. पिल्लू वाळेपर्यंत थांबतो. कुरवांची घरटी दाटीवाटीने असतात आणि आईबाप क्षणभर दूर गेले की शेजारचाच कुरव ओले पिल्लू गिळून टाकतो. पिल्लू वाळून त्याची पिसे फुलली की ते गिळणे अवघड होते. एकीकडे कावळ्याचा धोका, दुसरीकडे शेजाऱ्याचा. कुरवाचे थांबणे ही या दोहोंमधली तडजोड आहे. टिटवीची घरटी विखुरलेली असतात, तिला असा शेजारी नसतो आणि आमच्या नराने कवच तत्काळ उचलले ते या विचाराशी जुळणारे होते. उलट किटिवेक हा कुरवांचाच भाईबंद समुद्रातल्या उभ्या कड्यांवर घरटे करतो, जिथे भक्षक सहसा पोहोचत नाहीत, आणि तो कवच हलवण्याच्या भानगडीत पडत नाही. जवळच्या जातींची अशी तुलना हे वर्तनाची उत्क्रांती तपासण्याचे आपल्या हाती असलेले सर्वांत चांगले साधन आहे, कारण वर्तनाचे जीवाश्म क्वचितच सापडतात.

१९६३ साली टिनबर्गन यांनी मांडले की ‘प्राणी असे का वागतो’ या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेले असतात. त्या क्षणी ते वर्तन कशाने सुरू होते, प्राण्याच्या आयुष्यात ते कसे घडत जाते, जगण्यासाठी आणि प्रजननासाठी त्याचा काय उपयोग होतो आणि पूर्वजांपासून ते कोणत्या वाटेने आले. कवचाची पातळ कड दिसणे हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि कावळ्यापासून बचाव हे तिसऱ्याचे. यांतले एक खरे ठरले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. वर्तनाविषयीचे निम्मे वाद दोन माणसे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

दुसरे पिल्लू बाहेर आल्यावर थोड्या वेळाने गुरांचा कळप चरत चरत घरट्याच्या रोखाने आला. मादी उठली, पण दूर गेली नाही. घरट्याला खेटून उभी राहून तिने दोन्ही पंख पूर्ण उघडले. पंखांतला काळ्या-पांढऱ्याचा ठसठशीत पट्टा एकदम समोर आला आणि ओरडत ती सर्वांत पुढच्या गायीच्या नाकपुड्यांवर धावून गेली. गाय बिचकली, मान झटकून बाजूला वळली आणि मागची गुरेही तिच्यामागे वळली. गाय अंडी खात नाही; तिचे खूर हाच धोका असतो. तिला भुलवून दूर नेण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण ती पक्ष्याच्या मागे येणारच नाही.

त्यानंतर कुत्रा आला, आणि तीच मादी अगदी निराळी वागली. कुत्रा बराच लांब असतानाच ती घरट्यावरून उठली, मान खाली घालून आवाज न करता चालत गेली आणि घरट्यापासून पुरेशी दूर गेल्यावर जमिनीवर कोसळल्यासारखी पडली. एक पंख ताठ पसरलेला, दुसरा अर्धवट दुमडलेला, शेपटी जमिनीला टेकलेली. कुत्रा तिच्याकडे धावला, ती फडफडत पुढे सरकली. तो पुन्हा धावला, ती पुन्हा सरकली. मध्येच त्याचे लक्ष उडाले आणि तो हुंगत घरट्याच्या दिशेने वळला. त्याबरोबर ती उडून थेट त्याच्यासमोर आली आणि आधीपेक्षा जोराने फडफडू लागली. कुत्रा पुन्हा तिच्यामागे लागला. माळाच्या टोकापर्यंत त्याला नेल्यावर ती सरळ आकाशात उठली.

या सगळ्या वेळात दोन्ही पिल्ले खळग्यात निपचित पडून होती. नराची इशाऱ्याची हाक येताच ती जमिनीला चिकटली होती. त्यांचे वय काही तासांचे होते आणि कुत्रा म्हणजे काय हे शिकण्याची संधी त्यांना मिळालेलीच नव्हती. हाक आणि दबून बसणे यांची गाठ त्यांच्यात उपजतच असावी.

“पण सर, तिला माहीत असतं का, की ती त्याला फसवतेय?”

या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. तिच्या वागण्याने कुत्रा फसतो, हे आपण पाहिले. फसवण्याचा हेतू तिच्या मनात आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि नैसर्गिक निवडीला त्या हेतूची गरज नसते. पळावे की अंड्यांपाशी राहावे या ओढाताणीत सापडलेल्या पक्ष्याच्या अडखळत्या हालचालींतून हे प्रदर्शन विकसित झाले असावे, असे एक मत आहे. ज्या माद्यांच्या अशा हालचालींकडे भक्षकाचे लक्ष अधिक वेधले गेले, त्यांची पिल्ले अधिक वाचली. त्या पिल्लांना ती प्रवृत्ती वारशाने मिळाली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती ठळक होत गेली. मात्र हे वर्तन आंधळ्या यंत्रासारखेही नसते. कॅरोलिन रिस्टाऊ यांनी टिटवीच्याच कुळातल्या पायपिंग प्लव्हरवर काम केले, तेव्हा येणारा माणूस कुठे पाहतो आणि आपल्यामागे येतो की नाही याकडे हे पक्षी लक्ष देतात, असे त्यांना दिसले. आमच्या मादीचे कुत्र्यासमोर परतून येणे त्याच प्रकारचे होते.

विद्यार्थिनीने नोंदीच्या समासात ‘प्रजाती टिकवण्यासाठी’ असे लिहिले होते. ते मी तिला खोडायला सांगितले, कारण हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. टिटवी प्रजातीसाठी जीव धोक्यात घालत नाही. १९६० च्या दशकात विल्यम हॅमिल्टन आणि जॉर्ज विल्यम्स या उत्क्रांतीच्या अभ्यासकांच्या लेखनानंतर हे स्पष्ट होत गेले की निवड मुख्यतः व्यक्ती आणि तिची जनुके यांच्या पातळीवर काम करते. मादी वाचवते ती स्वतःच्या जनुकांचे वारस. दुसऱ्या जोडीच्या घरट्याकडे निघालेल्या कुत्र्यासमोर ती असे लोळण घेईल, अशी अपेक्षा आपण धरू नये.

उरलेल्या दोन अंड्यांपैकी एकातून दुपारी पिल्लू आले. उन्हाच्या तडाख्यात नर पाण्याच्या डबक्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येत होता आणि त्या ओलाव्याने पिल्ले आणि शेवटचे अंडे गार राखत होता. एरवी यावर मी पानभर लिहिले असते, पण माझ्या डोक्यात सकाळचीच गोष्ट घोळत होती. उबवणीच्या पहिल्या आठवड्यात हीच मादी कुत्रा दिसताच उडून जाऊन दुरूनच ओरडत असे. आता ती त्याच्या जबड्याच्या टप्प्यात लोळत होती.

याचे रूढ स्पष्टीकरण असे, की अंडे जितके फुटण्याच्या जवळ, तितकी त्यातून प्रौढ पक्षी निर्माण होण्याची शक्यता अधिक आणि म्हणून त्यासाठी पत्करण्याजोगा धोकाही अधिक. स्पष्टीकरण सुबक आहे. पण १९८६ साली रिचर्ड नाइट आणि स्टॅन्ली टेंपल यांनी त्याला एक अडचणीचा पर्याय सुचवला. संशोधक घरट्यापाशी वारंवार जातो आणि दर वेळी परत फिरतो. पक्ष्याच्या अनुभवानुसार आपल्या ओरडण्यानेच तो पळाला असे ठरते आणि त्याचे धाडस वाढत जाते. मग मोजले जाते ते शिकणे, अंड्यांचे वाढते मोल नव्हे. आम्ही दुरूनच पाहत होतो, तरी कुत्रा त्या माळावर नेहमीचाच होता, आणि दर वेळी तो रिकाम्या तोंडाने परतला होता.

संध्याकाळी चौथ्या अंड्याला तडा गेल्याची नोंद करून आम्ही पुढच्या हंगामाचा आराखडा लिहायला घेतला. काही घरटी सुरुवातीपासून नियमित भेटींसाठी ठेवायची आणि काही घरट्यांकडे अखेरच्या आठवड्यापर्यंत फिरकायचेच नाही. मग दोन्ही ठिकाणी एकाच अनोळखी माणसाने, सारख्याच चालीने जायचे आणि तो किती जवळ येईपर्यंत पक्षी घरटे सोडत नाही, ते अंतर मोजायचे. भेटी न दिलेल्या घरट्यांवरचे पक्षीही तितकेच धीट निघाले, तर अंड्यांच्या मोलाची बाजू भक्कम होईल.