दाव्याचं गणगोत

2025 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि शहरात दाव्यांची चर्चा वाढली. ‘दावे निकाली’ असा मथळा दिसला की माझ्या डोळ्यांपुढं मात्र आधी गोठा येतो. दोन्ही शब्दांची सोयरीक काही नाही. कोर्टातला दावा अरबी, फारसीच्या वाटेनं आलेला. गोठ्यातलं दावं अस्सल घरचं, संस्कृत ‘दामन्’चं पोर. ग्रामचा गाव झाला, नामाचं नाव झालं, तसं दामन्‌चं दावं. दोन्हीकडं खुंटीभोवती फेऱ्या मारायला लागतात, एवढाच योगायोग.

दावणही याच घराण्यातली. संस्कृतात ‘दामनी’ म्हणजे एक लांब दोर; त्याला आखूड दोऱ्यांनी वासरं ओळीनं बांधायची. पुढं आपण जनावरांच्या ओळीला, बांधायच्या जागेलाही दावण म्हणू लागलो, आणि राजकारण्यांनी तर माणसंसुद्धा तिथंच नेऊन बांधली.

पण या खानदानात सगळ्यात मोठं नाव दामोदराचं. ज्याच्या उदराला दाम, तो दामोदर. यशोदा कृष्णाला उखळाला बांधायला गेली आणि दोरी दर वेळी दोन बोटं कमीच पडली, असं भागवत सांगतं. देवाला दाव्यावरून नाव मिळावं, हे मला भारी वाटतं. (ओळखीच्या दामोदरपंतांना हे सांगायला जाऊ नये.)

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या तोंडावर कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत गेलात तर हे सगळे दोर एकत्र भेटतात. म्होरकी तोंडाभोवती, वेसण नाकातून, कासरा हाकणाऱ्याच्या हातात आणि दावं खुंटीला. वाखाची दावी आता कमी झाली. नायलॉन टिकतं, पण गळ्याला काचतं.

वैष्णव कार्तिकाला दामोदर मास म्हणतात, आणि आपल्या पंचांगातल्या कार्तिकाच्या पहिल्याच दिवशी, दिवाळी पाडव्याला, आमच्याकडं म्हशी बिनदाव्याच्या असतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ. पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल, मागं म्हैस सुसाट. शेकडो माणसांच्या गलक्यात ती आपल्याच मालकाच्या मागं पळते, त्यानं गाडी वळवली की तीही वळते. एवढं करून धारेच्या वेळेला दावणीत आपल्या जागी हजर, कारण आंबोणाचं घमेलं तिथं असतं.