आजच्यापुरते यांकीज

सप्टेंबर लागला की मी पेपर मागच्या पानावरून वाचायला घेतो. बॉस्टनला राहायला आल्यापासूनची खोड. खेळाच्या पानावर बारीक टायपात बेसबॉलचा तक्ता असतो. जिंकले, हरले, टक्के आणि मग खरा गमतीचा रकाना: आपण पुढच्यापेक्षा किती मॅचनी मागे. तिथे कधी साडेतीन असतं, कधी दीड, कधी नुसतं अर्धा. अर्धी मॅच खेळतं कोण, असं मला आधी वाटायचं. हिशेब सोपा आहे. विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करायची आणि निम्मी करायची. काल एकजण खेळला आणि दुसऱ्याला सुट्टी होती, की आला अर्धा. आयपीएलमध्ये नेट रन रेटच्या तिसऱ्या दशांशावर जागरणं केलेल्या माणसाला हे म्हणजे बे एके बे.

एरवी १६२ मॅचच्या मोसमात एखाद्या मॅचचं कोणाला काय? घरात पंखा चालावा तसा संध्याकाळी सातपासून बेसबॉल चालू असतो. काल हरले? आज आहेच की. सप्टेंबरात मात्र तो पंखा खडखडायला लागतो.

२०११ साली आई आमच्याकडे आली होती. ३ सप्टेंबरला, म्हणजे आमचा दीड दिवसाचा गणपती पोचवून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, आमचे रेड सॉक्स वाइल्ड कार्डच्या, म्हणजे गट न जिंकताही बाद फेरीत नेणाऱ्या जागेच्या, शर्यतीत टँपाच्या रेजपेक्षा ९ मॅचनी पुढे होते. तेव्हा एका लीगमध्ये तीन गटविजेते आणि वाइल्ड कार्ड एकच. नऊची आघाडी म्हणजे पेढ्यांची ऑर्डर द्यायला हरकत नाही. पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण अजून लागतं. त्या महिन्यातल्या २७ मॅचपैकी आम्ही २० घालवल्या. मॅच चालू असताना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी मंडळी, आत बसून तळलेलं चिकन खातात आणि बिअर पितात, असंही नंतर छापून आलं. असो.

शेवटचा दिवस २८ सप्टेंबर, बुधवार. दोघांचेही विजय नव्वद. आम्ही बाल्टिमोरला, गटात तळाशी असलेल्या ओरिओल्सविरुद्ध. रेज आपल्या घरच्या मैदानावर, न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध. म्हणजे यांकीज जिंकायला हवे होते.

हे वाक्य बॉस्टनमध्ये उच्चारणं सोपं नाही. दोन घरांत बांधावरून तीन पिढ्या कोर्टात केस चालू असावी, तसं यांकीजशी आमचं नातं. त्या संध्याकाळी तळघरात कपडे धुवायला गेलो, तर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा मशीनमध्ये नाणी टाकताना इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "आजच्यापुरते यांकीज." अशी पाळी कोणावरही येते म्हणा. आता वाइल्ड कार्डं तीन झाली, तरी २०२४ मध्ये ॲरिझोनावाले घरी बसून अटलांटा आणि न्यूयॉर्क मेट्स यांच्या एकाच दिवशीच्या दोन मॅच बघत होते. दोन्ही एकानेच जिंकाव्यात एवढंच त्यांचं मागणं. जिंकली दोघांनी एकेक. ते दोघे आत, आणि तेवढेच ८९ विजय असलेला ॲरिझोना बाहेर.

आईला म्हटलं, देव पाण्यात ठेव. ती म्हणाली, "आज घटस्थापना. देव बसलेत. नऊ दिवस हलवायचे नाहीत. तुझ्या यांकीजनी आपलं आपण बघावं."

घट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फॉइलच्या ट्रेमध्ये. माती नर्सरीतून प्लास्टिकच्या पिशवीत आणलेली. "माती विकत?" असं आई दोनदा म्हणाली होती. शेजारी अखंड दिवा. लाकडी घर, वर धुराचा अलार्म, त्यामुळे दिव्यापाशी कोणीतरी जागं राहायचं असं ठरलं होतं आणि पहिली पाळी तिची होती. म्हणून ती सोफ्यावर, मी खाली सतरंजीवर, बाल्टिमोर टीव्हीवर आणि टँपा लॅपटॉपवर.

आम्ही ३-२ ने पुढे. सातव्या इनिंगमध्ये पाऊस आला, मैदानावर ताडपत्री पडली आणि खेळ ८६ मिनिटं थांबला. टँपाच्या स्टेडियमला छत होतं, तिथे यांकीज ७-० ने पुढे होते. मी पाय पसरले. आठव्या इनिंगमध्ये रेजनी सहा रन काढले. मी पाय जवळ घेतले. नववी म्हणजे शेवटची, तिच्यात दोन आऊट, दोन स्ट्राइक, आणखी एक स्ट्राइक की रेज हरले, आणि बॅट हातात त्यांच्या डॅन जॉन्सनच्या. त्याची त्या मोसमातली सरासरी .१०८, म्हणजे शंभरातल्या एकोणनव्वद वेळा हात हलवत परत. त्याने होम रन मारला, आपल्या सिक्ससारखा. ७-७.

"याला आधीच का नाही पाठवला?" आई म्हणाली.

तिकडे बाल्टिमोरमध्येही नववी इनिंग. दोघे आऊट, बेसवर कोणी नाही, पिचर आमचा पॅपलबॉन. एक डबल, म्हणजे दोन बेस गाठून देणारा फटका, बसला, लगेच दुसरा, ३-३. मग ओरिओल्सच्या अँडीनोने डावीकडे चेंडू मारला. आमचा कार्ल क्रॉफर्ड घसरत आला, चेंडू ग्लोव्हला लागला आणि निसटला, आम्ही हरलो. हा क्रॉफर्ड आम्ही टँपाकडूनच घेतलेला, सात वर्षांसाठी १४ कोटी २० लाख डॉलर मोजून. रात्रीचे १२ वाजून २ मिनिटं. लॅपटॉपकडे वळलो. अजून तीन मिनिटांनी, बाराव्या इनिंगमध्ये, रेजच्या लाँगोरियाचा चेंडू डाव्या कोपऱ्यातल्या बुटक्या भिंतीवरून जेमतेम पलीकडे गेला. रेज आत, आम्ही बाहेर.

तिसऱ्या मजल्यावर खिडकी आपटल्याचा आवाज आला. आई उठली, दिव्यात तेल घातलं, वात पुढे सारली.

"उद्या किती वाजता आहे?"

"उद्या नाही."

"मग परवा?"

"आता एकदम एप्रिलमध्ये."

ती थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिली. "मग सातला लावायचं काय?"