दापोली-गुहागर: मापाचा ग्लास घेऊन दोन दिवस

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दापोली आणि गुहागर करून आलो. समुद्रात पाय बुडवले ते एकदाच, तेही वीज गेली आणि पंप बंद पडला म्हणून. बाकी वेळ लोकांच्या वाड्यांत ठिबक सिंचनाच्या नळ्या उचलून बघत होतो. दुखणं घरचंच. आमच्या आंब्याच्या कलमांत वरच्या गडग्यालगतची (दगडी कुंपणालगतची) झाडं दर उन्हाळ्यात माना टाकतात आणि खालच्या झाडांच्या आळ्यांत बेडूक ओरडतात. पंप एकच, विहीर एकच.

खेडला रेल्वेने उतरलो आणि एसटीने दापोली गाठली. तिथून जरा आत, कातळउतारावर ओळखीच्या एका काकांची बाग आहे. निवृत्त मास्तर. मी तक्रारीचा पाढा वाचायला लागलो तर म्हणाले, "आधी मोज, मग बोल." घरातून खोकल्याच्या औषधाचा मापाचा ग्लास आणला.

पंप सुरू करून पंधरा मिनिटं थांबायचं, म्हणजे नळ्यांतली हवा निघून जाते. नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोटीखाली हाताने खळगा करायचा, ग्लास बसवायचा आणि घड्याळ लावून एक मिनिट धरायचं. ग्लास भरत आला की बाटलीत ओतायचा. तोट्या तासाला आठ लिटरच्या, म्हणजे मिनिटाला १३३ मिली पडायला हवं. वरच्या ओळीत पडलं ८५. खालच्या ओळीत १७०! दोन्ही ओळींच्या उंचीत फरक चाळीसेक फुटांचा. उतारावर उंची दर १० मीटर कमी झाली की दाब साधारण चौरस सेंटिमीटरला एक किलोने वाढतो. दाबमापक लावून बघितला तर वर ०.४ आणि खाली १.६. साध्या तोटीचं गणित असं की दाब चौपट झाला की पाणी दुप्पट. आमच्या बेडकांचा उलगडा तिथेच झाला.

काकांचंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं. बसवणाऱ्याने पाइप वाचवायला नळ्या सरळ उताराने खाली सोडल्या होत्या. आता त्या उताराला आडव्या, समपातळीत आहेत, चढाचे चार भाग पाडलेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह आहे. मी मोजलं ते चारही व्हॉल्व्ह मुद्दाम पूर्ण उघडून. नेहमीप्रमाणे खालचे आवळल्यावर फरक १५ मिलीवर आला. नवीन लागवडीत दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी देणाऱ्या तोट्या आहेत. महाग पडतात, पण चढाच्या बागेत मीही त्याच घेईन.

मोजायचंच असेल तर दोन-तीन तोट्यांवर भागवू नका. बागभर विखुरलेल्या सोळा मोजा. सर्वांत कमी आलेल्या चारांची सरासरी काढा, तिला सगळ्यांच्या सरासरीने भागा. ९० टक्क्यांच्या वर आलं तर झकास, ८० च्या खाली आलं तर कुठेतरी पाणी मुरतंय. जांभ्याच्या विहिरीचं पाणी लोहाचं असेल तर तोट्यांत तांबूस गाळ धरतो. नळीचं शेवटचं टोक उघडून पाणी स्वच्छ येईतो सोडून द्यायचं. काका हे दर पंधरवड्याला करतात.

आंब्याबाबत त्यांनी एक बजावलं: मोहोर यायच्या आधी पाण्याची घाई नको, झाड पालवीवर जातं. फळं वाटाण्याएवढी झाली की दर पंधरा दिवसांनी कलमाला १५० ते २०० लिटर, असं तीन-चार वेळा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारसही हीच.

दुपारी दाभोळहून फेरीबोटीने धोपावे आणि पुढे गुहागर. बोटीचं वेळापत्रक आदल्या दिवशी विचारून ठेवा. मी न विचारता गेलो आणि धक्क्यावर तासभर भाजलो.

गुहागरची वाडी म्हणजे वेगळाच कारभार. वर माड, खाली पोफळी (सुपारीची झाडं) आणि पायाखाली पुळण. पूर्वी रहाटाचं पाणी डोणीत (कुंडीत) पडे, तिथून पाटाने झाडागणिक फिरे. रेतीत पाट म्हणजे गळकी घागर. डोणीजवळचा माड पिऊन तृप्त, टोकाचा कोरडा. मी गेलो त्या घरात आजी टोकाच्या झाडापासून शिंपणं सुरू करायची, असं तिथल्या वहिनी सांगत होत्या. आता पाटाऐवजी पाइप आहे, पोफळींना छोटे फवारे आणि माडांना ठिबक. पण माडाला एकच तोटी, तीही बुंध्याला चिकटून! रेतीत पाणी पसरत नाही, सरळ खाली जातं. आणि माडाची कामाची मुळं बुंध्यापासून दोनेक मीटरच्या घेरात असतात. बुंध्यापासून मीटरभरावर गोल फिरवून चार तोट्या हव्यात. वहिनींनी ऐकून घेतलं आणि चहा पुढे केला.

विहीर उथळ. मे महिन्यात सलग उपसली की पाणी मचूळ लागतं, कारण गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. म्हणून वहिनी सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर पंप लावतात, मध्ये विहिरीला उसंत.

तुम्ही गेलात तर पंपाची वेळ फोनवर विचारून जा, नाहीतर कोरड्या नळ्या बघून परत याल. कातळावर दहानंतर चप्पल पुरत नाही, बूट घाला. आणि मापाचा ग्लास स्वतःचा न्या, मास्तर आपला परत मागतात.

घरी येऊन खालच्या भागाचा व्हॉल्व्ह दीड फेरा आवळला. गडग्याजवळ ७० मिली यायचं, आता ९५ येतंय. उरलेलं नळ्या आडव्या टाकल्याशिवाय जमणार नाही, आणि त्याला पावसाआधी गडी मिळाला तर.