माझ्या मापाची रायफल

मे महिन्यातले तीन आठवडे मी कोकणात आंजर्ल्याला घरी आहे. ओहायोहून इथे पोचायला जवळजवळ दोन दिवस लागतात. पडवीत बॅग टेकवली की माझी नजर आधी भिंतीकडे जाते. तिथे दोन खुंट्यांवर आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आडवी टांगलेली असते. शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, काका त्याचं नूतनीकरण कधी चुकवत नाहीत. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते आणि तेवढे दिवस भिंत ओकीबोकी दिसते.

यंदा काकांनीच विषय काढला. मी अमेरिकेत रायफल घेतल्याचं त्यांना आईकडून कळलं होतं. "दाखव बघू," म्हणाले. मी फोनमधला फोटो उघडून दिला. चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, दस्ता प्लास्टिकचा? आणि एवढा आखूड?"

दस्ता म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग. त्या आखूड दस्त्यापर्यंत पोचायला मला दोन वर्षं लागली. काकांना जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण फोटो पाहून आणखीही काही जणांनी विचारलं आहे.

नेमबाजीची ओढ एनसीसीतली. कॉलेजात असताना कॅम्पला आम्हाला पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची बारीक गोळीची रायफल मिळायची. २५ यार्डांवर टार्गेट, पाच गोळ्या, 'लेटके पोझिशन'. माझं ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात ते, बरं यायचं. पण गोळ्या मोजून मिळायच्या आणि वर्षातून एखाद-दोनदाच. पुढे शिक्षण, नोकरी, लग्न, परदेश. अमेरिकेत गेल्या गेल्या कुणीही दुकानात जाऊन बंदूक उचलतो असा आपल्याकडे समज आहे. तसं नाही. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. शिकारीचा परवाना असला तर, आणि असे मोजकेच अपवाद आहेत. मी ग्रीन कार्ड होईपर्यंत थांबले. मग दुकानात जाऊन बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि रुगर कंपनीची १०/२२ ही पॉइंट टू टू रायफल घरी आली.

ही रायफल १९६४ पासून बनते आहे. दहा गोळ्यांचं छोटं गोल मॅगझिन, वजन सुमारे अडीच किलो, धक्का जवळजवळ नाहीच. तिची खरी ख्याती वेगळीच आहे. तिचे भाग सुटे करणं इतकं सोपं आहे की नळी, दस्ता, चाप, घोडा सगळं बदलता येतं. नळी दोन स्क्रूंनी आवळलेल्या एका ठोकळ्याने धरलेली असते. तिथल्या कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे फक्त मधला सांगाडा, ज्यावर क्रमांक कोरलेला असतो. बाकीचे भाग टपालाने घरी येतात. हे ऐकून काका गप्पच झाले. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार हेसुद्धा परवानाधारक कारागिराचंच काम आहे. तेव्हा मी पुढे लिहिलेलं कुणी इथे करून पाहू नये, हे आधीच कळकळीने सांगते.

माझी पहिली चूक नळीची. पहिल्या दोन महिन्यांत ५० यार्डांवर माझ्या पाच गोळ्या दोन इंचांत पसरत होत्या. दुकानदार म्हणाला, कारखान्याची नळी बारीक आहे, जाड नळी घ्या. घेतली. रायफल एकदम पुढे जड झाली. उभं राहून नेम धरला की मिनिटभरात डावा हात थरथरायचा. टेबलावर टेकवून मारलं तर थोडा फरक पडला, उभ्याने तर आधीपेक्षा वाईट. क्लबातल्या एका वयस्क बाईंनी, ज्या चाळीस वर्षं नेमबाजी करत आल्या आहेत, मला दोनच गोळ्या मारताना पाहिलं आणि नळीबद्दल एक शब्दही काढला नाही. "डोकं मागे का ओढतेस?" एवढंच विचारलं.

कारण दस्ता लांब होता. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं माप कारखान्यातून साडेतेरा इंच येतं. माझी उंची पाच फूट एक इंच. गाल जागेवर टेकवायचा तर मान ताणायची, मान ताणली की खांदा पुढे, खांदा पुढे आला की श्वास अडकतो. नळी कितीही चांगली असो, तिच्या मागचं शरीर वाकडं बसलं असेल तर गोळी तिथे जाणार नाही. त्या बाईंनी दस्त्याचं टोक माझ्या कोपराच्या खोबणीत ठेवून बोट चापापर्यंत पोचतं का ते बघितलं. पोचत नव्हतं.

हे सांगत असताना काका उठले आणि आकडीतली कोयती काढून आणली. "ही तुझ्या हातात दे म्हटलं तर तू नारळ सोलशील, पण तासाभरात मनगट धरेल," म्हणाले. तिची मूठ त्यांनी स्वतः खैराच्या लाकडाची बसवली आहे, त्यांच्या पंजाच्या मापाने. चुलत भावाची वेगळी आहे. घरात एकाची कोयती दुसरा घेत नाही.

मी मागे पट्ट्या घालून लांबी कमी-जास्त करता येणारा दस्ता घेतला आणि सगळ्या पट्ट्या काढून साडेबारा इंचांवर आणला. गालाखालचा उंचवटाही बदलता येतो. ऑलिंपिकमधल्या रायफलींचे फोटो नीट पाहा, तिथे हीच कल्पना टोकाला नेलेली दिसते. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, ते याच पॉइंट टू टूच्या काडतुसावर. टार्गेटवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढा. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, तिन्ही वेळा शरीराचा आकार बदलतो म्हणून त्या रायफलीची गालाची पट्टी, खांद्याची पट्टी सगळं स्क्रूंवर हलतं. २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच. हे सांगताना मला दर वेळी भरून येतं.

प्लास्टिकचा दस्ता का, याचं उत्तर काकांना सर्वांत लवकर पटलं. मूळचा दस्ता लाकडी होता आणि त्याच्या पुढच्या टोकाला नळीभोवती एक कडं होतं. ओहायोत आमच्या गावी एरी सरोवराकडून दमट हवा येते. दमट दिवशी लाकूड फुगायचं, कडं नळीला दाबायचं आणि कालपर्यंत मधोमध लागणारी गोळी आज बोटभर बाजूला. "म्हणजे आमच्या माजघराच्या दारासारखं," काका म्हणाले. आर्द्रा लागलं की ते दार चौकटीत अडकतं ते दिवाळीपर्यंत. अगदी तेच. नव्या दस्त्यात नळीला पुढे कशाचाही स्पर्श होत नाही, मध्ये कागद सरकेल एवढी फट आहे. जाड नळी काढून टाकली आणि कारखान्याचीच परत बसवली. ती आजही आहे.

चापाबद्दल थोडक्यात. मूळ चाप ओढायला पाच-सहा पाउंडांचा जोर लागायचा. तेवढ्या जोराने ओढताना अडीच किलोची रायफल हलणारच. मी हलका चाप बसवून घेतला आणि पहिल्याच सामन्यात तो तपासणीत नापास झाला. रिमफायर स्पोर्टर नावाच्या प्रकारात चाप तीन पाउंडांहून हलका चालत नाही आणि रायफल साडेसात पाउंडांहून जड चालत नाही. चापाला वजन लटकवून रायफल उचलतात. घोडा सुटला तर बाद. तेव्हा वाईट वाटलं, आता तो नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. पुढे एका बंदूकसाजाकडून फक्त घोडा बदलून घेतला, चाप तीनच्या जरा वर आला. हे काम मी स्वतः केलं नाही आणि करणारही नाही. धक्का लागून सुटेल असा चाप कुणाच्याही हातात नसावा.

आता गोळ्या. सर्वांत जास्त फरक इथे पडला आणि सर्वांत कमी खर्चात. पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचं. शिशाची गोळी बहुतेक वेळा ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास, बाहेरून मेणासारखं वंगण लावलेली. एका नळीला जी गोळी मानवते ती दुसऱ्या नळीला मानवेलच असं नाही, अगदी एकाच दिवशी बनलेल्या दोन रायफलींतही. मी सहा प्रकारच्या पेट्या आणल्या. प्रत्येक प्रकारच्या आधी दहा गोळ्या नुसत्या सोडायच्या, म्हणजे आधीच्या गोळीचं वंगण जाऊन नव्याचा थर बसतो. मग पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप. वहीत तारीख, वारा, तापमान. महागातली पेटी माझ्या नळीला आवडली नाही. मध्यम किमतीची, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाची गोळी इंचाच्या आत बसू लागली.

हा वेग मुद्दामच ध्वनीपेक्षा कमी ठेवलेला असतो. ध्वनीचा वेग साधारण ३४०. त्याहून वेगवान निघालेली गोळी वाटेत हळू होत ती सीमा ओलांडते तेव्हा डळमळते. आणखी एक गोष्ट मला समजायला वेळ लागला: ही वेगवान गोळी आडव्या वाऱ्याने जास्त ढकलली जाते, कमी नव्हे. आपल्याला वाटतं जी लवकर पोचेल ती कमी भरकटेल. पण वारा किती ढकलणार हे गोळी वाटेत किती वेग गमावते यावर ठरतं आणि ध्वनीच्या वेगाजवळ ती फार गमावते. ताशी दहा मैलांच्या वाऱ्यात माझी गोळी ५० यार्डांवर जवळजवळ इंचभर सरकते.

काकांनी यावर बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, आजोबा सकाळचा मतलई वारा थांबून समुद्रावरचा सुरू व्हायच्या मधल्या वेळात बार काढायचे. बंदुकीच्या दारूचं माप बांबूच्या पेरातून घ्यायचे, सर्दावलेल्या दिवसांत पेर वेगळं. हे मला कधीच माहीत नव्हतं.

एरीच्या काठावरच कॅम्प पेरी आहे, १९०७ पासून तिथे नेमबाजीचे राष्ट्रीय सामने होतात. गेल्या जुलैत मी तिथे रिमफायर स्पोर्टर मारलं, ६०० पैकी ५३१. नंबरात कुठेच नाही. पण पहिल्या वर्षी क्लबात ४७० च्या पुढे गेले नव्हते. सरोवराचा वारा समोरून यायचा आणि झेंड्यांकडे बघताना मला सारखा इथला किनारा आठवायचा.

आईची काळजी वेगळी आहे आणि ती रास्त आहे. अमेरिकेतल्या गोळीबाराच्या बातम्या तिला इथे कळतात, कधी माझ्याआधी. माझ्या मुलीच्या शाळेतही दार लावून लपण्याचा सराव होतो. तो दिवस मला नेहमी जड जातो. घरी रायफल कुलूपबंद कपाटात असते, गोळ्या दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. रेंजवर टार्गेटकडे कुणी पुढे गेलं की प्रत्येक बंदुकीच्या चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागी, नारिंगी पट्टी खोचलेली हवी आणि कुणीही तिला हात लावायचा नाही. एकदा एकाने विसरून हात लावला, त्याला त्या दिवशी घरी पाठवलं. असंच असायला हवं.

काल संध्याकाळी काकांनी ठासणी भिंतीवरून उतरवली, रिकामी असल्याची गज घालून खात्री केली आणि माझ्या हातात दिली. ती खांद्याला लावली आणि मान ताणावी लागली नाही. मी दस्त्याचं टोक पाहिलं. पितळी पत्र्याखाली लाकूड सरळ कापलेलं, मागून पत्रा पुन्हा ठोकलेला. काका म्हणाले, परवाना मुळात आजीच्या नावावर होता. आजोबा वर्षातले दहा महिने मुंबईला गिरणीत. वाडीत माकडं आली की बार तीच काढायची. तिच्यासाठी गावच्या सुताराने दस्ता दोन बोटं उतरवला होता. पुढे आजोबा कायमचे घरी आले तेव्हा तसाच राहिला.

मी आतून आईची शिवणाची टेप आणली. चापापासून टोकापर्यंत पावणेतेरा. आजी माझ्यापेक्षा थोडी उंच होती.