दोन बहिणी: शाली सुट्या झाल्या एकदाच्या!

शालींनी मांडलेला छळ काल थांबला. फ्रेंच चित्रकार शासेरिओच्या ‘दोन बहिणी’ची तैलरंगात नक्कल करतोय, त्यातल्या आदेल आणि आलीन आता एकाच लाल गाठोड्यात बांधल्यासारख्या दिसत नाहीत.

चेहरे झाले, हिरवट भिंतही झाली. 180 बाय 135 सेंटीमीटरचं मूळ चित्र आपल्या 18 बाय 24 इंची कॅनव्हासवर जवळजवळ काही न कापता बसतं, हे सुख मी अजून चघळतोय.

घोडं अडलं होतं लालपाशी. शासेरिओने 1843 मध्ये आपल्या या दोन बहिणी रंगवल्या. दोघींच्या वयात 12 वर्षांचं अंतर, तरी झगे सारखे, लाल काश्मिरी शाली सारख्या आणि वर हातात हात! लालाला लाल भिडतो तिथे कडच सापडेना. कॅडमियम रेडवर अलिझरीन या गडद लालचं ग्लेझ (म्हणजे पातळ, पारदर्शक थर), सावलीत तपकिरी बर्न्ट अंबर, या नेहमीच्या वाटेने गेलो तर चुण्या वांगी रंगाच्या. त्यात पावसाळी हवा, रंगातलं लिनसीड (जवसाचं तेल) सुकायचं नाव घेईना.

मग लक्षात आलं, कॅडमियम रेड बाजारात यायला विसावं शतक उजाडलं आणि कृत्रिम अलिझरीन 1868 चं. त्या काळचे लाल म्हणजे व्हर्मिलियन आणि मॅडर (एका वनस्पतीच्या मुळांपासूनचा लाल). खरं व्हर्मिलियन पाऱ्याचं, ते घरात नकोच. उजेडाला कॅडमियम ठेवलं. सावलीला मात्र आधी पातळ टेर वर्ट (मातकट हिरवा) लावलं, पूर्ण सुकू दिलं आणि वर मॅडर कापडाने पुसत नेलं. अहाहा! खालच्या हिरव्याने लालाचा भडकपणा मारला, सावली काळी न पडता खोल गेली. कडेला रेघ लागलीच नाही; एकीच्या घडीचा उजेड दुसरीच्या सावलीवर टेकवला की झालं.

ट्यूबवर ‘ह्यू’ (म्हणजे पर्यायी रंगद्रव्याचं) छापलेलं मॅडर ग्लेझला घेऊ नका. मी आणलेल्यात भरणाच जास्त होता, थर गढूळ बसतो. दोन पैसे जास्त गेले तरी आर्टिस्ट ग्रेडच घ्या.

आता काठाची नक्षी. ग्लेझ संपवून शेवटी झिरो नंबरच्या ब्रशने एकेक बुट्टी घालायची असं ठरलं होतं. पण हे लिहितानाच वाटतंय, नक्षी आधी घालून तिच्यावरून मॅडर फिरवलं तर? बुट्ट्याही घडीबरोबर सावलीत जातील, वरून चिकटवल्यासारख्या दिसणार नाहीत. तर आदेलच्या शालीचं ग्लेझ थांबवतो, नक्षी आधी. बुट्ट्यांना यलो ऑकर पुरेल की नेपल्स यलो लागेल? कुणी लाल ग्लेझखाली वापरलं असेल तर सांगा.